गॅलनला पंधरा मैल

नागोजी बेळगावजवळच्या काकतीचा. घरची तीन एकर जिरायत, वर दोन भाऊ, आणि बैलांच्या मागून चालायचा त्याला लहानपणापासून कंटाळा. रस्त्याची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराची मोटार धुता धुता तो ती चालवायला शिकला आणि पुढं बेळगाव–निपाणी सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर म्हणून लागला. त्या सर्व्हिसचे मालक उपेंद्रराव, आणि मी त्यांचा बुकिंग क्लार्क. स्टँडवरच्या पत्र्याच्या खोलीत बसून तिकिटं फाडणं आणि गाड्या वेळेवर सोडणं, हे माझं काम. नागोजीला मी सोळा वर्षं रोज पाहिलं.

आमच्या दोन गाड्या होत्या. एक नागोजीची, एक भरमूची. भरमू नंदगडचा, नागोजीपेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. खानापूरच्या जंगलातलं लाकूड बैलगाडीतून स्टेशनावर आणता आणता तो मोटारीकडं आला होता. बेळगाव ते निपाणी अठ्ठेचाळीस मैल. नागोजी ते पावणेदोन तासांत मारायचा, भरमूला अडीच तास लागायचे. चिकोडीच्या कोर्टाला जाणारे वकील, तंबाखूचे व्यापारी, सगळे आधी विचारायचे, "नागोजीची गाडी कितीला?" भरमूची गाडी आधी सुटणार असली, तरी लोक त्यातनं उतरून नागोजीसाठी थांबायचे. स्टँडवर भरमूच्या गाडीला 'छकडा' म्हणत. भरमू ऐकायचा आणि काचा पुसत राहायचा. नागोजी त्याला 'भरमाण्णा' म्हणायचा आणि अधूनमधून चहा पाजायचा. आपण पुढं आहोत हे ज्याला पक्कं ठाऊक असतं, त्याला असला दिलदारपणा सहज जमतो.

मग लढाई आली. १९४१ च्या पावसाळ्यात पेट्रोलची कूपनं सुरू झाली, आणि पुढच्या वर्षी संक्रांतीनंतर ती इतकी कमी झाली की दोन गाड्या चालवणं अशक्य झालं. उपेंद्ररावांनी दोघांना बोलावलं.

"अक्षय्य तृतीयेपर्यंत दोन्ही गाड्या दिवसाआड चालवू," ते म्हणाले. "एका गॅलनात जो जास्त मैल नेईल, त्याची गाडी पुढं चालू ठेवणार. दुसऱ्याचं काय करायचं ते तेव्हा बघू."

फळ्याची कल्पना माझी. मी खोलीच्या दाराशी एक काळा फळा टांगला. ज्याची पाळी त्याची टाकी सकाळी काठोकाठ भरायची, संध्याकाळी मापाच्या डब्यानं परत भरायची, आणि किती मैल पडले ते खडूनं लिहायचं. मला वाटलं होतं, चुरस लागेल आणि पेट्रोल वाचेल.

पहिल्या आठवड्यात मी लिहिलं: भरमू पंधरा, नागोजी अकरा.

नागोजीनं फळा वाचला, मग माझ्याकडं बघितलं. "डबा चुकलाय तुमचा, गोपाळराव."

"दोघांना एकच डबा आहे."

दुसऱ्या आठवड्यात परत तेच. आता गिऱ्हाइकं तिकीट काढताना फळा वाचू लागली. एक तंबाखूवाले शेठ नागोजीसमोरच म्हणाले, "चार मैलांचा फरक? म्हणजे छकडा बरा की!" आणि हसले. दहा वर्षं ज्या शब्दावर नागोजी हसला होता, तो शब्द त्या दिवशी त्याच्या तोंडावर उलटा बसला. त्याचे कान लाल झालेले मला खोलीतून दिसले.

त्या दिवसापासून भरमाण्णाचा 'भरम्या' झाला.

नागोजीनं आधी गाडी हलकी करायला घेतली. टपावरचा सामानाचा कठडा काढला. स्टेपनीचं चाक स्टँडवर ठेवलं. आरशाला बांधलेले पितळी घुंगरू, सीटखालची पेटी, स्वतःच्या बसायची कापसाची गादी, सगळं माझ्या खोलीत येऊन पडलं. जाड माणूस दिसला की त्याला तो दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं यायला सांगू लागला. अकराचे साडेअकरा झाले. भरमूचे पंधराच.

एक दिवस दुपारी त्याची बायको मालुबाई काकतीहून चालत स्टँडवर आली. डोक्यावरचा पदर सारखा करत दाराशी उभी राहिली.

"गोपाळराव, एक सांगायचं हुतं. त्येनी जेवण सोडलंय."

"म्हणजे?"

"सकाळी एक भाकरी. दुपारचा डबा नेत न्हाईत. चा न्हाय, पान न्हाय. म्हंतात, वजन झालं की पेट्रोल जातंय. माणसाच्या दोन भाकरींनी मोटर जड हुतीया व्हय?"

मला हसू आलं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आणि घरात दुसरं बोलणंच न्हाय," ती म्हणाली. "भरमू, भरमू आन् भरमू. परवा मी म्हटलं, त्येला जाऊन इचारा की कसं करतोस. तर ताट सारून उठून गेले."

मी नागोजीला समजावलं. तो म्हणाला, "बायकांचं काय ऐकता." पण गालफडं बसली होती आणि स्टिअरिंगवरचे हात काटक्यांसारखे दिसत होते.

आठवडाभरानं भरमूच्या पाळीला नागोजी डोक्यावरून घोंगडं घेऊन त्याच्याच गाडीत मागच्या बाकावर जाऊन बसला. मी तिकीट फाडताना त्याला ओळखलं, पण त्यानं डोळ्यांनी गप्प बसायला सांगितलं. भरमूची युक्ती पकडायची, हा त्याचा बेत. रॉकेल मिसळत असेल, वाटेत कुठं चोरून पेट्रोल घेत असेल. काहीतरी असणारच.

संध्याकाळी तो परत आला आणि माझ्या खोलीत बाकावर बसला.

"काय दिसलं?"

"काय न्हाय." तो जमिनीकडं बघत होता. "पायताण काढून चालवतोय. अनवाणी. प्याडलवर नुसता अंगठा ठेवतोय, जसा काय बाळाच्या गालावर. चढ यायच्या आधीच गाडी उचलतोय, उतार यायच्या आधीच पाय काढतोय. गिऱ्हाइकाला उतरवायचं झालं तर उतारावर थांबतोय, म्हंजे परत निघताना गाडी आपसुक सुटती. पंचवीसच्या वर काटा न्हाय. कुणी म्हशी आडव्या घातल्या तर लांबूनच हळू करतोय, ब्रेक लावतच न्हाय."

"मग हीच युक्ती."

"ही कसली युक्ती?" तो उसळला. "ह्येला काय अक्कल लागती? ह्यात काय हाय? काय तरी दुसरं हाय, गोपाळराव. मला दिसलं न्हाय एवढंच."

जे समोर दिसलं ते त्याला मान्य करता येत नव्हतं. भरमू चोर निघाला असता तर नागोजी सुखानं जेवला असता. पण तो नुसता चांगला ड्रायव्हर निघाला, आणि त्यावर नागोजीजवळ औषध नव्हतं.

तरीही त्यानं नक्कल केली, आणि नक्कल करताना स्वतःचं डोकं चालवलं. काकती सोडल्यावर वंटमुरीचा घाट उतरतो. नागोजी घाटाच्या तोंडाशी इंजिन बंद करू लागला आणि गाडी नुसती सोडून देऊ लागला. आवाज नाही, फक्त वाऱ्याची शीळ आणि चाकांचा खडखडाट. वळणावर तो ब्रेकवर अक्षरशः उभा राहायचा. एकदा खाली पोचेपर्यंत मागच्या चाकांतून धूर निघाला. गाडीत जयाबाई नावाच्या एक मास्तरीणबाई होत्या. त्यांनी खाली उतरून नागोजीला सगळ्यांसमोर सुनावलं, "पेट्रोल वाचवायचं तर वाचव, माणसं कशाला मारतोस?" आणि त्या पुढच्या हत्तरगी गावापर्यंत उन्हातून चालत गेल्या.

असा जीव धोक्यात घालून बाराचा आकडा आला. एक आठवडा तर परत साडेअकरावर गेला. एवढं करून कमी कसं होतं, ते त्याला कळेना. त्याच आठवड्यात भरमूचे साडेपंधरा झाले. ते लिहिताना मला मजा वाटली, हे मी आता कबूल करतो. नागोजीनं खडूचा आवाज थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मग निघून गेला.

अक्षय्य तृतीयेला दहा दिवस राहिले होते. सकाळी भरमू फाटकाबाहेरच्या नळावर पाणी भरायला गेला होता. मी खोलीतून पाहिलं, नागोजी भरमूच्या गाडीचं बॉनेट उघडून वाकला होता. क्षणभरात त्यानं बॉनेट मिटलं आणि हात धोतराला पुसत निघून गेला. मला समजलं की त्यानं काहीतरी केलं. मी उठायला हवं होतं. उठलो नाही. आपण पाहिलंच नाही असं स्वतःला सांगत मी तिकिटं फाडत बसलो.

कार्बोरेटरचा स्क्रू. तो थोडा सैल केला की इंजिन नुसतं पेट्रोल पीत सुटतं.

संध्याकाळी भरमू आला. टाकी भरली. चौदा मैल पडले. एवढं करूनही चौदा. त्याआधीच्या दिवशी नागोजीचे बारा होते. मी फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले तेव्हा नागोजी तिथंच उभा होता. त्याचा चेहरा असा झाला की मला नजर वळवावी लागली. पाप करूनही दोन मैल मागं.

भरमू हात धुऊन आला आणि नागोजीच्या समोर उकिडवा बसला. आवाज चढवला नाही.

"नागोजी, स्क्रू दीड फेरा फिरवलास रं. अर्धा फिरवायचा. मला कळलंच नसतं."

भरमूनं आपल्या गाडीच्या बॉनेटकडं बोट केलं.

"काकतीच्या आधीच वास आला. गाडी काळा धूर टाकाय लागली. थांबून बसवला परत. तेवढ्यात एक मैल गेला."

"मालकाला सांग जा," नागोजी म्हणाला.

"सांगायला न्हाय आलो. तुझा डावीकडचा मागचा ब्रेक धरतोय. सुटतच न्हाय. घाटात इंजिन बंद करून सोडतोस न्हवं, त्यानं झालंय. चाकाला हात लावून बघ, हात भाजंल. तू दिवसभर ब्रेक लावूनच गाडी वडाय लागलायस."

नागोजी उठला, गाडीजवळ गेला, चाकाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. परत येऊन उभा राहिला.

"तुला कधी कळलं?"

"महिना झाला. हत्तरगीला तुझी गाडी उभी हुती, मी निपाणीहून येणाऱ्याला निरोप द्यायला सायकलनं गेलतो तवा. वास येत हुता."

"महिना?" नागोजीचा आवाज फाटला. "आन् सांगितलं न्हाईस?"

भरमूनं वर बघितलं. त्या माणसाला मी इतकी वर्षं पाहत होतो, पण त्याचा असा चेहरा त्या दिवशीच दिसला.

"न्हाय सांगितलं. कशाला सांगू? दहा वरसं माणसं माझ्या गाडीतनं उतरून तुझ्या गाडीत बसायची. मी स्टिअरिंगवर बसलेला असायचो, आन् मागनं एक एक बाक मोकळा हुयाचा. तू चा पाजायचास. तो चा मला गोड लागत हुता असं वाटलं व्हय तुला? फळ्यावर माझं नाव वर आलं तवा मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती ल्हान पोरीगत हसली. म्हटलं, धरू दे त्याचा ब्रेक."

मग नागोजीनं पाना काढला आणि चाकाखाली शिरला. भरमू तिथंच बसून राहिला, मदत केली नाही, पण नागोजीनं चुकीचा नट धरला तेव्हा "त्यो न्हवं, वरचा" एवढं म्हणाला.

ब्रेक सुटल्यावर नागोजीचे चौदा मैल पडले. गादी परत सीटवर गेली, डबा परत येऊ लागला, घाटात इंजिन बंद करणं थांबलं. शेवटच्या पाळीला तर त्यानं पंधरा गाठले. पण तीन महिन्यांचा हिशेब भरमूच्या बाजूचाच होता, आणि अक्षय्य तृतीयेला उपेंद्ररावांनी पेट्रोलची गाडी भरमूला दिली.

नागोजीला काढलं नाही. उपेंद्ररावांनी त्याच्या गाडीच्या पाठीमागं कोळशाच्या गॅसची भट्टी बसवून घेतली. पुरुषभर उंचीची लोखंडी टाकी, तिच्यात लोणाऱ्यांकडचा लाकडी कोळसा भरायचा, हातानं पंखा फिरवून पाव तास पेटवायचा, आणि त्या गॅसवर इंजिन चालवायचं. गाडी ताशी पंधरा मैलांच्या वर जाईना. तवंदीच्या घाटात गिऱ्हाइकांना खाली उतरून चालावं लागे, आणि कधी कधी ढकलावंही लागे. या वाटेवरचा सगळ्यांत वेगवान ड्रायव्हर सगळ्यांत मंद गाडीवर बसला. लोक त्याच्या गाडीला 'भटारखाना' म्हणू लागले. भरमूची गाडी त्याला रोज हत्तरगीच्या अलीकडं मागं टाकायची. भरमू हॉर्न वाजवत नसे. नागोजी म्हणायचा, त्यानं वाजवला असता तर बरं झालं असतं.

पण तो त्या भट्टीला भिडला. दुसरं करायला काही नव्हतं, आणि भरमूपेक्षा काहीतरी आपल्याला जास्त येतंय असं त्याला पाहिजे होतं. बाभळीचा कोळसा बरा की जांभळीचा, हे त्यानं एका एका पोत्यावर पाहिलं. सगळे तुकडे सुपारीएवढे फोडून घ्यायचा, भुगा चाळून टाकायचा, कोळसा उन्हात वाळवून मगच भरायचा. गॅस गाळायच्या डब्यातला काथ्या तो रोज हत्तरगीला काढून झटकायचा, कारण तो राखेनं तुंबला की इंजिन गुदमरतं. इतरांना निपाणीपर्यंत दोन पोती लागायची, त्याला दीड पुरू लागलं. गिऱ्हाइकं तवंदीला फक्त शेवटच्या वळणावर उतरू लागली. कोल्हापूरकडचे ड्रायव्हर विचारायला येऊ लागले. नागोजीच्या अंगावर मांस चढलं.

१९४४ साली कूपनं आणखी कमी झाली आणि भरमूच्या गाडीलाही भट्टी बसली. तेव्हा भरमू एका सकाळी नागोजीकडं आला.

"कसं करतोस, सांग रं."

नागोजी कोळसा चाळत होता. त्यानं चाळून होईपर्यंत मान वर केली नाही. मग बाभळीचं सांगितलं, सुपारीएवढ्या तुकड्यांचं सांगितलं, वाळवण्याचं सांगितलं. भरमूनं सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि गेला. मी नागोजीला विचारलं, "काथ्याचं?"

"विसरलो," तो म्हणाला.

चार दिवसांनी तवंदीच्या घाटात भरमूची गाडी बंद पडली. मी त्या दिवशी निपाणीच्या कामासाठी नागोजीच्या गाडीत होतो. वळण घेतलं तर समोर भरमूची गाडी कडेला उभी, गिऱ्हाइकं झाडाच्या सावलीत, आणि भरमू काळ्या हातांनी पंखा फिरवतोय, घामानं न्हाऊन निघालाय. नागोजीची गाडी धापा टाकत चढत होती, पण चढत होती. त्यानं गाडी थांबवली नाही. तो भरमूच्या शेजारून गेला. सावलीतली दोन माणसं उठली आणि हात करू लागली, की आम्हाला घ्या. भरमूच्या गाडीतनं उतरून नागोजीच्या गाडीत बसायला माणसं परत धावत होती.

नागोजीचं तोंड मला बाजूनं दिसत होतं. तो हसत होता. नंतर कधीतरी त्यानं मला सांगितलं की दोन वर्षं तो हेच दृश्य डोळे मिटून बघत आला होता.

घाटमाथ्यावर जाऊन त्यानं गाडी थांबवली. जरा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मग खाली उतरला आणि परत घाट उतरून चालू लागला. मी मागोमाग गेलो. भरमूला बाजूला सारून त्यानं गाळणीच्या डब्याचं झाकण उघडलं. आत ओल्या राखेचा गोळा बसला होता. नागोजीनं काथ्या उपसून दगडावर आपटला.

"हे रोज काढायचं. हत्तरगीला. परवा सांगायचं राहिलं."

"राहिलं?" भरमू म्हणाला.

"व्हय. राहिलं."

भरमूनं त्याच्याकडं पाहिलं, मग मान हलवली आणि पंखा फिरवायला घेतला. पाव तासानं त्याची गाडी सुरू झाली. कुणी कुणाचे आभार मानले नाहीत.

पुढं दोन वर्षं दोघं त्याच वाटेवर गाड्या चालवत होते. कोळशाचं पोतं एकमेकांना दाखवत, भट्टी एकमेकांची तपासत, पण एकमेकांच्या घरी कधी जेवले नाहीत. १९४६ च्या शेवटाला भरमूची नजर मंद झाली. धुराचा परिणाम, डॉक्टर म्हणाले. तो नोकरी सोडून नंदगडला निघाला. खानापूरच्या गाडीपर्यंत त्याची पत्र्याची ट्रंक नागोजीनं डोक्यावरून नेली. गाडी सुटली तेव्हा दोघांनी हात वर केला.

परत येताना मी म्हटलं, "शेवटी चांगला माणूस होता."

नागोजीनं ट्रंकेखालची चुंबळ सोडून खांद्यावर टाकली.

"लई हुशार माणूस," तो म्हणाला. "मला कधी बरा वाटला न्हाय."

मग घड्याळ बघून तो निपाणीची गाडी काढायला गेला.